कोकनीचा ओठ

टॅमरॅक लँडिंग, पश्चिम काठ
९ मे १९७६

टिल्डा,

'प्रिय' लिहिलेलं नाही. शोधू नकोस.

रविवारी फेरीबोटीच्या रांगेसमोर, गाड्यांच्या काचा खाली करून कान लावून बसलेल्या लोकांच्या देखत तू मला जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. 'एक कोकनी मासा धरून आण. एकच. ओठ फाटलेला नको. तोवर आमच्या धक्क्यावर पाय ठेवायचा नाही.' तुझे बाबा हसले. फेरीबोटीवर दोर बांधणारा तो मर्व्ह, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, तोही हसला.

मी व्हँकुव्हरहून भर पावसात मोटारसायकल हाणत आलो होतो. कॉलेज अर्ध्यावर सोडून आलो होतो. कुणासाठी? मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्या काठाला रस्त्याच्या कामावर होतो, तेव्हा 'परत येशील ना?' असं कोण विचारत होतं? तुमची मांजर?

आलो तर तू बादलीत हात घालून मासे साफ करत बसलेली. मान वर केलीस आणि म्हणालीस, 'परीक्षा झाली?' बस्स. एवढंच. मग माझं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

तर ऐक. मी परत गेलेलो नाही. सॉ मिलमध्ये काम धरलंय, मिलच्याच मागे खोली घेतलीय, आणि मिलवाल्याची एक होडी मिळालीय. गळते, पण तरंगते. मासेच धरायचेत ना? मासे शेंबडं पोरही धरतं. येत्या रविवारी एक नाही, दहा आणून तुझ्या पायाशी ओततो.

रोरी टेनंट

•

ग्रे पॉइंट, पूर्व काठ
१४ मे

रोरी,

रविवार परवावर आलाय. दहा माशांसाठी बादली धुऊन ठेवू का?

तू जे लिहिलंस ते सगळं खरं. जे गाळलंस तेही लिहिते, म्हणजे हिशेब पुरा होईल. तू बाबांच्या बादलीला लाथ मारलीस. सकाळभर बसून धरलेले मासे धक्क्याच्या फटींतून परत पाण्यात गेले, मेलेले. 'मासे काय, शेंबडं पोरही धरतं' हे तू पत्रात पहिल्यांदा नाही म्हणालास. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांना होडीतून मासेमारीला नेऊन घर चालवलं, त्याच्या तोंडावर म्हणालास. अट मी त्यानंतर घातली. बाबा हसले कारण त्यांना राग आला की ते हसतात. तुला वेगळं जमतं, ते आम्ही पाहिलंच.

'परत ये' मी म्हणाले होते. 'सगळं सोडून ये' म्हणाले नव्हते. कॉलेज सोडलंस ते माझ्या नावावर मांडू नकोस. मी ते मागितलेलं नाही, घेतलेलंही नाही.

एक कोकनी. ओठ शाबूत. त्याआधी धक्क्यावर दिसलास तर बाबा तुला पाण्यात ढकलणार नाहीत. मी ढकलेन.

टिल्डा ब्यॉर्क

•

टॅमरॅक लँडिंग
३० मे

टिल्डा,

तुमच्या तलावात मासे नाहीत, नुसते ओठ आहेत.

काठी वाकली. मी सगळी ताकद लावून हिसका मारला. वर काय आलं? गळाला लागलेला एक तांबूस, ओला तुकडा. टिचभरसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. परवा तर मासा होडीच्या कडेपर्यंत आला, चांदीसारखा, एकही ठिपका नसलेला. मी दोरीला धरून उचलला, तर तो हवेतच सुटला आणि जाता जाता शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला. मी वल्हं फेकून मारलं त्याला. मग हातांनी पाणी मारत वल्ह्यापर्यंत जावं लागलं. काठावर मिलची माणसं जेवायला बसली होती. त्यांची करमणूक झाली.

कुठल्या देवाने असा मासा बनवला? ओठ आहे की ओला कागद?

पण काल एक ट्राउट धरला. ठिपक्याठिपक्यांचा, चांगला हातभर, चार वेळा पाण्याबाहेर उडाला, मी खेचला, तो आला. ओठ टणक. हिसका मारून बघ, फाटत नाही. हा चालेल का ते सरळ सांग. न चालायला काय झालं? मासा तो मासा.

रोरी

•

ग्रे पॉइंट
३ जून

रोरी,

नाही चालणार.

ट्राउटचं तोंड म्हणजे बुटाचा तळवा. समोर आलं ते गिळायचं, चार उड्या मारायच्या, सगळ्या तलावाला पोट दाखवायचं, आणि शेवटी दमून यायचं. तुझं त्याच्याशी पटलं यात नवल नाही. एका जातीचे आहात.

कोकनी तसा नाही. समुद्रातल्या सॅमन माशाचाच भाऊ, पण याने समुद्र बघितलेला नाही, इथेच अडकला आणि इथेच राहिला. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे खाऊन जगतो, म्हणून तोंड मऊ. आणि तुझा गळ तो भुकेपोटी धरत नाही. चकचकीत काहीतरी सारखं नाकासमोरून जातंय म्हणून वैतागतो आणि चावतो. चिडवल्याशिवाय तोंड लावत नाही. चिडवणं तुला येतं. पुढचं येत नाही.

मला शिकवायचं नव्हतं. आई म्हणाली, 'त्या पोराने तलावातले सगळे कोकनी बिनओठांचे करून ठेवले तर आपण गिऱ्हाइकांना काय दाखवायचं?' म्हणून लिहिते.

एक. मिलवाल्याची काठी झाडू लावायला ठेव. मऊ काठी घे, शेंड्यापासून मुठीपर्यंत वाकणारी. दोन. दोरी आणि गळाच्या मध्ये रबराचा तुकडा बांध, हिसका तो खाईल. बाकी, होडी सरळ रेषेत मारू नकोस, सापासारखी वळणं घे, आणि इतकी हळू की तुला कंटाळा आला पाहिजे. काठी वाकली की काहीही करायचं नाही. ऐकलंस? काहीही नाही. वल्हवत राहायचं. दोरी सैल पडली तरी गेला, ओढली तरी गेला. जवळ आला की दोरीने उचलायचा नाही. हातजाळं खालून घालायचं.

काहीही न करणं तुला जमेल असं मला वाटत नाही. बाबांनी पैज लावलीय. तुझ्या विरुद्ध.

टिल्डा

•

टॅमरॅक लँडिंग
१६ जून

टिल्डा,

तुझ्या बाबांना सांग, पैज हरायची तयारी ठेवा.

मऊ काठी घेतली. रबर बांधलं. अजून ओठच येतायत, पण जरा मोठे. ते राहू दे.

तू मला खेळ समजतेस. उन्हाळा संपला की हा जाईल, असं तुमच्या घरात बोललं जातं, मर्व्हने मला सांगितलं. म्हणून शनिवारी नेल्सनच्या बाजारात गेलो आणि लग्नाची अंगठी घेऊन आलो. माझ्या टेबलावर आहे, समोर ठेवूनच लिहितोय. आता तरी कळलं का मी किती मनावर घेतलंय ते?

माझ्याच्याने याहून सरळ लिहिता येत नाही. तुला काय म्हणायचंय ते तूही सरळ लिही. वळणं तलावात घेऊ.

रोरी

•

ग्रे पॉइंट
२० जून

रोरी,

सरळच लिहिते.

अंगठी घेतलीस हे चांगलं केलंस. उशिरा का होईना, अक्कल आली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, 'चला, पोरगं मार्गाला लागलं.' पण त्यासाठी नेल्सनला कशाला गेलास? लँडिंगच्या दुकानात, बिस्किटांच्या फळीखाली टांगलेल्या असतात.

आणि एकच घेतलीस? एकीने कुणाचं भागलंय? पहिल्या आठवड्यात हरवशील. माझ्याकडे डबाभर आहेत, अर्ध्या गंजल्यात. मर्व्हने मागच्या वाढदिवसाला दिलेल्या त्यातल्या त्यात बऱ्या, एक तर अजून रोज वापरते. बाबांचं म्हणणं लाल मण्यांची घ्यावी, मला नारिंगी आवडते. तुझी कुठली आहे?

आता टेबलावर ठेवून बघत बसू नकोस. तिथे काही होणार नाही तिचं. चकचकीत पत्र्याच्या मागे दोन हात अंतर सोडून बांध, मागे डब्यातल्या पांढऱ्या मक्याचा एक दाणा लाव, आणि दे पाण्यात सोडून. मग कळेल तुझी अंगठी किती कामाची.

टिल्डा

•

टॅमरॅक लँडिंग
२३ जून

मिस ब्यॉर्क,

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचण्याची गरज पडली नाही.

डबाभर! अर्ध्या गंजल्यात! मला वाटलं होतं तू 'नाही' म्हणशील. 'नाही'ची तयारी केली होती मी. पण हे? 'तुझी कुठली आहे, मर्व्हची मी रोज वापरते'? जो माणूस आपली पत्रं खिशात घालून इकडून तिकडे नेतो, तो?

मी तसाच फेरीबोटीवर गेलो. मर्व्ह दोर गुंडाळत होता. विचारलं, 'तू टिल्डाला लग्नाची अंगठी दिलीस?'

तो म्हणाला, 'दिल्या की. चांगल्या चार दिल्या.'

'चार?'

'दोन तिच्या आईला पण दिल्या. म्हाताऱ्याला नकोत, तो जुन्या चमच्यावरच खूश आहे. तुला पाहिजे का एक?'

मी त्याची टोपी तलावात फेकली. त्याला फेकणार होतो, पण तो अंगाने दांडगा आहे.

मग मी काय केलं सांगू? जे तू सांगितलंस तेच. अक्षरशः. पत्र्याच्या मागे दोन हात सोडून अंगठी बांधली. मागे गळ, गळाला मका. माझी अंगठी मण्यांची नव्हती, टिल्डा. सोन्याची होती. नेल्सनच्या सोनाराकडची. मोटारसायकल विकून घेतलेली. टॅमरॅकपासून दगडांच्या टोकापर्यंत सापासारखी वळणं घेत नेली तिला, आणि म्हटलं, बघू दे तिलाही तुमचा तलाव.

आणि मासा लागला. कोकनी नव्हे. ट्राउट. लाकडाच्या ओंडक्याएवढा. पाण्याबाहेर आला तेव्हा अंगठी त्याच्या जबड्याशी लखलखत होती, मी स्वतः पाहिली. मी हिसका मारला. दोरी तुटली.

घ्या. तुमच्या तलावाने लग्न उरकलं. नवऱ्या मुलाला ठिपके आहेत.

हे माझं शेवटचं पत्र.

आर. टेनंट

•

ग्रे पॉइंट
२६ जून

रोरी,

पाकिटात पुठ्ठ्याला टोचून एक वस्तू पाठवतेय. जपून काढ, गळ आहे. तारेवर ओवलेले मणी, मध्ये चमकणारं कडं, कड्याला बारीक खडे, पुढे फिरणारं पातं. कोकनीसाठी याहून चांगलं आमिष नाही. या तलावाच्या दोन्ही काठांवर, माझ्या जन्माच्या आधीपासून, याला सगळे 'लग्नाची अंगठी' म्हणतात.

आता वीस तारखेचं माझं पत्र काढून पुन्हा वाच, गाढवा.

मर्व्हने तुझ्या पहिल्या अंगठीची, म्हणजे सोन्याच्या, गोष्ट आमच्या स्वयंपाकघरात येऊन सांगितली. तलाव काल दिवसभर हसला. मी पण हसले. आई हसता हसता बाकावरून घसरली. बाबा तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, 'पोरगं खरंच विचारत होतं की.' आणि बाहेर जाऊन दोऱ्या आवरत बसले.

मग माझं हसू गेलं, आणि जे आलं ते तुला सरळच सांगते, तुला सरळ आवडतं ना.

तू विचारत नव्हतास. बाबा चुकले. सोळा तारखेचं पत्र माझ्यासमोर आहे, त्यात एक प्रश्न दाखव. 'अंगठी घेऊन आलो.' कळवलंस. 'कॉलेज सोडून आलो.' तेही कळवलंस, दारात उभं राहून, आणि मी आनंदाने उडी मारली नाही म्हणून बादलीला लाथ. तुला गळाला काही लागल्यासारखं वाटलं की तू सगळी ताकद लावून हिसका मारतोस. मग हातात तुकडा उरतो, आणि तू तलावाला शिव्या देतोस.

अंगठी खरी आहे हे मला कळलं असतं तर मी काय म्हणाले असते? सांगणार नाही. तू मला ते म्हणायला दिलंच नाहीस.

मर्व्हला नवी टोपी घेऊन दे. अट आहे तीच आहे. पण पत्रं पुरे. लिहू नकोस, मी उघडणार नाही.

टिल्डा

•

टॅमरॅक लँडिंग
२५ जुलै

टिल्डा,

उघडणार नाहीस म्हणालीस, म्हणून हे पाकिटात घातलेलं नाही. माशासोबत ओल्या शेवाळात गुंडाळलंय. थोडं भिजेल.

मधल्या दिवसांत मी बरेच सोडले. लागले आणि सोडले. नुसतं बघत होतो, मी काही केलं नाही तर तो काय करतो. आधी डोकं झटकतो. मग खाली जातो. मग, दोरी आपली तशीच राहिली, तर हळूहळू होडीकडे वळतो. कुणी ओढत नसलं तरी.

हा सकाळी लागला, तू पाठवलेल्या अंगठीला. नारिंगी मण्यांच्या. काठी वाकली, आणि मी वल्हवत राहिलो. ओठ चावून. माझे. जाळं खालून घातलं.

बघ. गळाचं एक भोक आहे, सुईच्या भोकाएवढं. बाकी शाबूत.

धक्क्यावर आलो नाही. अट पुरी झाली की नाही ते तू ठरवायचं आहेस, मी नाही. मर्व्हच्या हाती देतो. टोपी घेऊन दिली, त्याला हिरवी हवी होती.

मी काही विचारत नाही. आणि काही कळवतही नाही.

रोरी

•

ग्रे पॉइंट
२८ जुलै

रोरी,

मासा मिळाला. बाबांनी चष्मा लावून तोंड तपासलं, मग आईने, मग शेजारच्या दोन माणसांनी, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाबा म्हणाले, 'नशिबाने.' मग ओठाखाली बोट घालून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, 'नशिबाने एवढं नाही होत.' पैज हरले, म्हणून दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

तळून खाल्ला. बरा होता. तुझ्यासाठी ठेवणार होते, पण मी तुझ्यावर चिडलेली आहे, त्यामुळे काटेही ठेवले नाहीत.

का चिडलेय ते ऐक. फेरीबोट लागली तेव्हा मी खिडकीत होते. तू वरच्या कठड्याशी उभा होतास, मला दिसत होतास. मर्व्ह शेवाळाचा गुंडाळा घेऊन खाली आला. मी वाट बघत होते की आता तू ओरडशील. उडी मारशील. काहीतरी पाण्यात फेकशील, निदान मर्व्हची नवी टोपी. शब्द जुळवून ठेवले होते मी, चांगले झोंबतील असे. आणि तू नुसता उभा राहिलास. बोट सुटली, तू गेलास, आणि मी ते सगळे शब्द तोंडात घेऊन स्वयंपाकघरात उभी. आई म्हणाली, 'कशी डोकं झटकतेयस बघ.'

तिला तुझं पत्र मी वाचायला दिलेलं नाही. तिचं तिलाच सुचलं.

कॉलेजचं मला माहीत नाही. तू जानेवारीत परत जा, जाऊ नको, ते तुझं. माझ्यासाठी जाऊ नको आणि माझ्यासाठी राहूही नको. तुझ्या त्या ट्राउटला मी शोधत नाहीये. बाबा शोधतायत. गळाला चकचकीत पत्र्याचा मोठा चमचा लावून रोज दगडांच्या टोकापर्यंत जातात आणि विचारलं की सांगतात, 'हवा खायला.'

रविवारी मी येते. फेरीने नाही, माझ्या होडीने, म्हणजे हवं तेव्हा परत फिरता येईल. तुला काही विचारायचं असलं तर विचार. विचार, रोरी. मी काय म्हणेन ते मलाही अजून माहीत नाही. 'नाही' म्हणाले तर ऐकून घेशील, आणि कुठल्याही बादलीला हात लावणार नाहीस.

तुमच्या बाजूला वारा उलटा असतो, होडी काठाला लावायला जड जाते. धक्क्याच्या टोकाला उभा राहा. मी दोर टाकेन. धर. पण मी सांगेपर्यंत हिसका मारू नकोस. येतेय मी.

टिल्डा